डाव्या खांद्याची गादी

रोक्कामेले,
६ जून १९९३

ती. ओर्नेल्लाताईस,
धाकट्या एलिजिओचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण, आईनं सांगितलेलं एक काम मला फोनवर करता येत नाही. फोन तिन्नोच्या बारमध्ये आहे. तिथं तुझ्या खांद्यांचं माप विचारलं, तर ते संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत पोचेल.

सान दोनातोच्या जत्रेला तू यायचंस असं आईनं ठरवलं आहे. पोरगी घराबाहेर राहून चार वर्षं झाली, आता पुरे, असं ती म्हणते. तुझा झगा ती स्वतः शिवणार आहे. खांद्यांचं माप जपून विचार, तिला लागेल असं काही लिहू नकोस, असं तिनं मला बजावलं. जपून कसं विचारतात ते मला ठाऊक नाही, म्हणून सरळच विचारतो. किती आहे?

मी माझ्या परीनं अभ्यासही केला. सध्या दर रविवारी चर्चमध्ये मी बायकांचे खांदे पाहतो. खाटकाची बायको रोझाल्बा हिचे खांदे जवळजवळ तुझ्याएवढे आहेत, तरी ती रुंद दिसत नाही. का, ते कळावं म्हणून मी तिच्या बाजूच्या बाकावर बसलो. गळा टोकदार आणि खोल, बाहीची शिवण खांद्याच्या कडेवर नसून जरा आत, वर गडद रंग आणि खाली भरपूर घेर. आडव्या गळ्याचं, पट्ट्यापट्ट्यांचं घालते त्या दिवशी मात्र ती दारात मावत नाही. या शोधाच्या वेळी तिनं मला पकडलं. परवा खाटीक म्हणाला, की पोरा, मटण बघायचं तर दुकानात ये, चर्चमध्ये मांडत नाही आम्ही. मी इतका शरमलो की अर्धा किलो काळीज विकत घेऊन आलो. आपल्याकडे ते कुणीच खात नाही.

बाबांचं मात्र मला काही उमगत नाही. संताच्या पालखीच्या पुढच्या दांड्याखालची आपल्या घराची डावी जागा तू गेल्यापासून रिकामी आहे. दुसऱ्या कुणाला ते तिथं उभं राहू देत नाहीत. मला उभं करून पाहिलं, तर दांडा माझ्या खांद्याच्या वर हवेतच राहिला आणि सगळे खांदेकरी हसले. रिकाम्या टोपलीखाली कोंबडं उभं केलंय, असं कुणीतरी म्हणालं. आणि आता बारमध्ये त्या जागेचं कुणी विचारलं की बाबा म्हणतात, आमचं माणूस येतंय. म्हणजे काय, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

पत्रात ताई लिहिताना माझा हात अडत नाही. पाकिटावर ओर्नेल्ला लिहिताना अडतो, कारण ते टपालवाला वाचतो आणि त्याला तुझं जुनं, मुलाचं नाव पाठ आहे. यंदा तेही नीट, मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

माझ्या चुकांसकट माझ्यावर लोभ ठेवावा.
एलिजिओ


बोलोन्या,
१५ जून

चि. एलिजिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी लिदियाला वाचून दाखवलं. आम्ही दोघी एकाच कारखान्यात सोफ्यांना कापड चढवतो. ती इतकी हसली की तोंडातले खिळे तिला काढून ठेवावे लागले. रोझाल्बाकडे बघणं आता बंद कर बाबा. काळीज कांद्यावर परतलं की चांगलं लागतं.

मापं मागच्या पानावर आहेत. तू जपून विचारलं नाहीस हेच बरं केलंस. सोळाव्या वर्षी बाबांनी मला दांड्याखाली आपल्या शेजारी उभं केलं, तेव्हापासूनचे हे खांदे आहेत. डावीकडचा घट्टा अजून गेलेला नाही. इथं आल्यावर आधी मी सगळं उलटंच घेत गेले. फुग्याच्या बाह्या घेतल्या, तर दोन उशा काखेत मारल्यासारखी दिसायची. मग झाकायला शाल घेतली आणि थेट कपाट झाले. लिदिया म्हणाली, अगं, रुंद पाठीचा सोफा आपण झाकतो का? खाली झालर सोडतो, म्हणजे नजर तिकडे जाते. तेव्हापासून खांदे लपवायचं मी सोडलं आहे.

तुझा अभ्यास बरोबर आहे, तोच आईला सांग. गळा टोकदार, बाही कोपरापर्यंत, खाली घेर, कापड ताठ नको, अंगावरून पडणारं हवं. आणि खांद्यावर एक धागाही जादा नको.

आता मुख्य गोष्ट. मला पालखीमागं बायकांच्या रांगेत मेणबत्ती घेऊन चालायचं आहे. कुणी वळून पाहिलंच, तर त्याला एक उंच बाई दिसावी, जुना खांदेकरी दिसू नये. बाबांना मी दांड्याखाली हवी असेन, तर मी येत नाही. संतावर माझा राग नाही, बाबांवरही नाही. पण ती जागा घेतली तर पुन्हा निघून जायचं बळ माझ्यात उरणार नाही. तू त्यांना स्पष्ट विचार आणि जे म्हणतील तेच लिही, तुझ्या पदरचं गोड काही घालू नकोस.

आईला माझ्या वाटणीची पापी दे. माया आहे, ती पत्रात मावत नाही एवढंच.
ओर्नेल्ला


रोक्कामेले,
४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. बाबा म्हणाले, लढाईच्या वर्षी गावात पुरुष नव्हते तेव्हा पालखी खेचरांवर गेली, संत काही बोलला नाही. मी म्हणालो, पण ताईचं काय? त्यावर बोलोन्यात टोमॅटो काय भावानं आहेत, असं त्यांनी विचारलं आणि दांड्याला तेल लावायला निघून गेले. मी दोन रात्री विचार केला. माझ्या मते त्यांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. किंवा ‘हो’ असंही असेल.

झगा आजच्या टपालानं येत आहे. निळा आहे. आई फार घाईत आहे. यंदा खांदेकऱ्यांचे सगळे अंगरखे नवे शिवायचेत. घरभर पांढरं कापड पडलं आहे आणि मधोमध तुझं निळं होतं. मला विचारशील तर तू यावंस. पण मला विचारून कुणाचं भलं झालेलं नाही.

सांभाळून घेशीलच, या भरवशावर,
एलिजिओ


बोलोन्या,
१४ जुलै

चि. एलिजिओस,
आशीर्वाद.

झगा पोचला. गळा, रंग, घेर, सगळं मनासारखं. अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले, तर डावा खांदा उजव्यापेक्षा वर. आत जाड लोकरी नमद्याची गादी आहे. दोन बोटं जाड, दुहेरी टाके. खांदेकऱ्यांच्या अंगरख्यात दांडा रुतू नये म्हणून असते तीच, त्याच बाजूला.

मग यात समजायचं तरी काय? झगा घालून दांड्याखाली ये, असा हा निरोप आहे का? आई असं करेल असं वाटत नाही, आणि बाबांनी सांगितलं तर करणार नाही असंही वाटत नाही. लिदिया म्हणते, उसव आणि जा. गादी उसवता येते गं, निरोप कसा उसवायचा, असं मी तिला म्हटलं.

मी येत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. लोभ आहे तसाच आहे.
ओर्नेल्ला


रोक्कामेले,
२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. निरोप नाही गं, निरोप नाही, म्हणाली. अंगरख्यांच्या ढिगात तुझा झगा होता, डाव्या खांद्याशी आली की तिचा हात आपसूक गादीकडे जातो. ती आधी हसली, मग रडली, मग काय मूर्ख बाई आहे मी असं म्हणत पुन्हा हसली. मी तिला पाणी दिलं. आणखी काय द्यायचं ते सुचलं नाही.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. टोपी घेतली आणि गेले. परतले तेव्हा आपली ती डावी जागा त्यांनी खाटकाला देऊन टाकली होती! आजोबांपासूनची जागा. तो कितीतरी वर्षं मागत होता. आता चौकात छाती काढून फिरतो आणि मला डोळा मारतो. आमचं माणूस येतंय म्हणायचात तेव्हा मनात काय होतं, असं मी बाबांना विचारलं. आठवत नाही म्हणाले. मग टोपी खुंटीला अडकवताना म्हणाले, आपलं माणूस मागनं चालणार असेल तर पुढची जागा अडवून काय करायची?

आता त्यांना वेगळीच काळजी लागली आहे. तू येणारच असं धरून बसवर तुला घ्यायला ते एकटे येणार आहेत. बस भर चौकात थांबते, सगळे बघत असतात. तुझी बॅग कोणी उचलायची? तू उचललीस तर लोक म्हणतील, बघा, अजून खांदेकरीच आहे. त्यांनी उचलली तर तुला राग येईल का? आजवर तुला त्यांनी कधी रिकाम्या हातानं चालू दिलं नाही, हे त्यांना आत्ता आठवतं आहे. आईला विचारून झालं, मला विचारून झालं. उलट टपाली कळव. त्यांचं जेवणात लक्ष नाही.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून,
एलिजिओ


बोलोन्या,
२६ जुलै

चि. एलिजिओस,
अनेक आशीर्वाद.

गादी उसवली. झगा आता सरळ पडतो. आरशात खांदे दिसतात, पण आधी निळा रंग दिसतो, मग घेर, मग मी. ५ ऑगस्टच्या दुपारच्या बसनं येते.

बाबांना सांग, बॅग खरंच जड आहे आणि तिला दोन बंद आहेत. एक त्यांनी धरावा, एक मी धरीन. चौकात काय बोलायचं, याचा त्यांनी विचार करत बसू नये. पाऊल जुळवायचं आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

घरातल्या सर्वांना माझं प्रेम, बाबांना आधी.
ओर्नेल्ला