ट नसलेल्या भाषेत बकरी हाकलताना

प्रिय प्रणाली,

महिना झाला, तू फोन करून राहिली आणि मी उचलून नाही राहिली. तुले वाटत असन, म्हातारी रुसली. रुसाले मले फुरसत कुठं? तूर सोंगणीले आली.

दिवाळीत तू सांगतलं, मोबाईलच्या खेळातल्या पऱ्यांसाठी नवी बोली बनवून राहिली. त्याचा पगार भेटते म्हणे! आम्ही जनमभर फुकटात बोललो. त्या बोलीतून ट, ठ, ड, ढ तू गव्हातल्या खड्यांसारखे निवडून फेकले. काहून, तं कानाले टोचतात. त्याच दमात म्हणाली, आजी, पुण्याच्या मैत्रिणींसमोर मले पोट्टी म्हणत नको जाऊ. ळही काढला म्हणाली. त्यात काय मोठं केलं? डोळ्याले डोया आपण कधीचेच म्हणतो. मी ळ लिहिते तो मास्तरच्या छडीच्या धाकानं.

तरी तू दिवाळीत देऊन गेली तो बोलीचा कागद मी चुलीत नाही घातला. कोणत्या अक्षराले जीभ कुठं टेकते, त्याची तोंडाची चित्रं तू चांगली काढली. एक दिवस आंगणात दाळीले ऊन दाखवून राहिली होती, तं शेजारच्या नत्थुजीची बकरी तोंड घालाले आली. म्हटलं, होऊन जाऊ दे परीक्षा. कागदावर 'निघून जा'ले 'लुमिया नाये' लिहिलं होतं. तसं म्हटलं. बकरीनं कान हलवले न् माह्या पायापाशी बसली. तीनदा म्हटलं, तं तिनं डोळे मिटले. मंग एकच 'हट्ट!' दिला. बकरी कुंपणापार, आणि नत्थुजीही वट्यावरून उठून उभा राहिला.

तुह्या पऱ्या भांडत नसतीन का? त्यायच्या दाळीत बकरी येत नसन का? नुसत्या गुळासंग भाकर किती दिवस खाशील, बाई? ठेचा लागतेच. आणि ठेच्यातला ठ काढला, तं तो तिखट लागन का, सांग. पऱ्यांले निदान एक ट तरी दे.

आता खरं सांगते. तुह्या मनाले लागन म्हणून लपवलं नाही, मले लाज वाटली म्हणून लपवलं. त्या बकरीनंतर आठच दिवसांनी अकोल्याच्या डॉक्टरनं माहे होते नव्हते ते सारे दात काढले. त, थ, स म्हटलं की नुसता वारा निघते. ट म्हणजे ओला फटाका. साबूत उरले ल, म, न, य. तुह्या पऱ्यांची अख्खी बोली मी आता घरबसल्या बोलते. परवा समोरच्या घरच्या मनकर्णेले मनापासून शिव्या घातल्या, तं ती म्हणे, वच्छलाबाई, आजकाल किती गोड बोलता! अशी अब्रू गेली माही. ते बोलणं फोनवर तुले ऐकवू काय?

शुक्रवारी कवळी बसते. डॉक्टर म्हणते, पंधरा दिवस एकेक अक्षर मोठ्यानं घोकावं लागन, कोणीतरी समोर बसून ऐकाले पाहिजे. मनकर्णेसमोर मी तोंड उघडणार नाही. जीभ कुठं टेकते ते तुले ठावं आहे. तो चित्रांचा कागद मी जपून ठेवला आहे. तू सुट्टी काढ न् ये. नवे दात लावून पहिला शब्द मले तुलेच म्हणायचा आहे. पोट्टे! त्यात दोन ट आहेत, दोन्ही नीट वाजले पाहिजेत.

तुहीच, शुक्रवारपर्यंत परी असलेली,
वच्छला आजी
दर्यापूर