पिवळ्या गाडीचा भाव

१२ मार्च ९७
आधी हे लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही. आज दुकानात कोलशेतच्या यमुनामावशी आलेल्या. घाऊक मासळीचा धंदा, हातभर पाटल्या, आवाज असा की शेजारचा गॅरेजवालाही वळून बघायला लागला. बरोबर लेक संगीता. मेमध्ये तिचं लग्न आहे. मला वाटलं मागच्या काचेवर चिकटवायला नवरा-नवरीची नावं हवी असतील. गाड्यांवर नावं, नंबर, देवांची चित्रं, हेच तर आमचं रेडियमचं काम. मावशींनी बाहेर उभ्या टेम्पोकडे बोट केलं. त्याचं अख्खं दार मी परवाच निळ्या व्हिनाइलने, म्हणजे चिकट प्लॅस्टिकने, झाकलंय. म्हणाल्या, दार होतं तर गाडी का नाय? त्यांना अख्खी फियाट हळदीच्या रंगाची हवीय. कागदपत्रांवर गाडी करडी आहे, म्हणून रंगवायची नाही. लग्न झालं की सोलायची.

दुकानाचे मालक देवधर सर हसले. सपाट दार वेगळं न् बॉनेट वेगळं, सुरकुत्या पडतील, वागळे इस्टेटमध्ये आजवर कुणी अख्खी गाडी झाकलेली नाही. मावशी गेल्यावर मी सरांचं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून म्हणाले, "कर. माल वाया गेला तर तुझ्या पगारातून. जमलं तर यापुढे गाड्यांचं सगळं काम तुझं, नफ्यात अर्धा वाटा. आणि भाव तूच ठरव, मला विचारू नकोस."

अर्धा वाटा. मला. ठाकुर्ली स्टेशनपासून घरापर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत.

१३ मार्च
आईला सांगितलं. आधी विचारलं, बाई माणसाने गाडीवर चढून काम करायचं? मग पाच मिनिटांनी स्वतःच, पिवळा कुठला, लिंबासारखा की झेंडूसारखा? म्हणजे तिलाही आवडलंय.

मग नेहमीचं सुरू. पैशांवरून बाईंना दुखवू नकोस, चांगली माणसं आपणहून देतात. बाबा गेल्यापासून आई ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाने किती झाले विचारलं की, "द्या काय द्यायचं ते." आमच्या घरात पैशाचा आकडा तोंडातून काढला की जीभ विटाळते. उगाच आईलाच कशाला नावं ठेवू, मीही त्याच घरातली.

माल किती लागेल हे काढायची युक्ती मात्र तिचीच. वर्तमानपत्रं लावून गाडी बेतायची, ब्लाउज बेततात तशी. फुगीर भागाला जास्त धर म्हणाली. शेजाऱ्यांकडची रद्दी आत्ताच मागून आणली.

१६ मार्च, रविवार
कोलशेतला गेलेले. खाडीकडच्या अंगणात फियाट उभी, बाजूला सुकत घातलेली जाळी. मी गाडीला वर्तमानपत्रं चिकटवायला लागले तशी अर्धी आळी जमली. संगीता कागद धरायला पुढे आली आणि तिचं हसणं थांबेना, गाडी आजारी आहे का विचारत होती. मजा आली. टपावर चढले, तेव्हा खालून टाळ्यासुद्धा पडल्या.

मग चहा. मावशींनी विचारलं, "कवरा खर्च येल?" आणि मी, मूर्ख, म्हणाले, "मावशी, तुम्ही द्याल ते."

मावशींनी कप खाली ठेवला. "अगो पोरी, मी काय तुला भीक घालते? माझी आई टोपली घेऊन ठाण्याला जायची. 'द्याल ते' बोलून मासळी इकली असती त आज ही गाडी असती? माल तुझा, मेहनत तुझी, न् भाव मी सांगू?"

सगळ्या बायकांसमोर. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, शिमगा होऊ दे, मग ये, तोंडाने भाव सांग. तोवर गाडीला हात नाय.

येताना बसमध्ये कान गरम होते.

१७ मार्च
मावशींचा राग आला. दुपारी स्वतःचा आला. संध्याकाळपर्यंत देवधर सरांचाही आला, भाव तूच ठरव म्हणाले म्हणून. आईला घडलेलं सांगितलं. ती काजं करत बसली.

१९ मार्च
बसलं! बसलं बसलं बसलं.

गॅरेजवाल्याकडून भंगारातलं बॉनेट मागून आणलं. आमच्या खालच्या पार्लरवाल्या वहिनींचा हेअर ड्रायर उसना. साबणाचं पाणी मारलं, व्हिनाइल पसरलं, मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढत नेलं. पहिल्यांदा सुरकुत्याच सुरकुत्या, म्हाताऱ्या हत्तीसारख्या. दुसऱ्यांदा फाटलं. तिसऱ्यांदा ड्रायरने गरम केलं, हलकेच ताणलं, तर पुढच्या वळणावर ते आपलं आपण जाऊन बसलं. मी ओरडले. गॅरेजमधली माणसं धावत आली, कुणाला लागलं की काय म्हणून.

देवधर सरांनी बोट फिरवून पाहिलं, कड नखाने उचलून पाहिली. मग चहा स्वतः मागवला, तोही स्पेशल.

२१ मार्च
हिशोबाला बसले. रोल, वाया जाणारा माल, हाताखालचा एक माणूस, दुकानाचा खर्च. सगळं धरून सात हजार होतात. खाली लिहिलं 'माझी मजुरी', आणि पुढे पेन हलेना. हजार? त्यात रंगारीसुद्धा गाडीला हात लावायचा नाही. चार हजार? बाई गं, चार! कोण समजतेस स्वतःला?

सरांना विचारलं, तर म्हणे, पगारवाढ मागताना तरी कुठे तुझं तोंड उघडतं. खरंच आहे. दोन वर्षांत एकदाही नाही.

२२ मार्च
चार हजार लिहिले. एकूण अकरा. लिहिणं सोपं आहे, आता बोलायचं. स्वयंपाकघरात आईसमोर तालीम. मी: मावशी, अकरा हजार होतील. आई: जरा मोठ्याने, कोळणीला ऐकू जायला हवं. परत. आई: आता विनवणी वाटतेय. परत. पोळ्या करपल्या. दोघी हसून हसून खाली बसलो. बाबा गेल्यापासून आम्ही एवढ्या हसलो नव्हतो.

२७ मार्च
आज आईने कमालच केली.

समोरच्या जोशीकाकू ब्लाउज न्यायला आलेल्या. "किती झाले हो?" मी आत तांदूळ निवडत होते, पुढचं वाक्य मला पाठ. पण आई म्हणाली, "साठ."

मग काकू: "वाढवलेत का?"

आई: "वाढवले नाहीत हो. आजवर सांगितले नव्हते."

काकूंनी पाकीट काढलं, साठ रुपये दिले, पुढच्या महिन्यात दोन पीस टाकते म्हणाल्या आणि गेल्या. एवढंच. ना रागावल्या, ना आभाळ कोसळलं. आई नोटा मशीनवर ठेवून किती वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "इतकी वर्षं नुसतं सांगायचंच राहिलं होतं का गं?" तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि अभिमान तर इतका वाटला की कुशीत शिरले.

३० मार्च, रविवार
कोलशेत. शिमग्याचा रंग अजून ओट्यांवर होता. चहा यायच्या आधीच बोलले, नाहीतर धीर गेला असता. "मावशी, अकरा हजार. सात खर्चाचे, चार माझ्या हाताचे."

मावशी खूश झाल्या. खरंच, चेहराच खुलला. आणि लगेच म्हणाल्या, "सहा."

मग जे सुरू झालं! आठ काय, साडेआठ काय, अख्ख्या घराला लग्नाचं जेवण काय, वर दोन पापलेटं काय. संगीता माझ्या बाजूने बोलायला लागली तर तिला आत पिटाळलं. मी दहावर आले आणि थांबले. कशी थांबले मला माहीत नाही. मावशी शेजारणीला म्हणाल्या, बघ, बामनाची पोर कशी अडून बसलीय. माझ्याकडे वळून म्हणाल्या, इचार करून सांगते. मी उठले. हाक मारतील वाटलं, नाही मारली. तरी सबंध रस्ताभर मी एकटीच हसत होते, लोक बघत होते.

४ एप्रिल
कोलशेतहून काही नाही. सर म्हणतात, साडेआठला घ्यायचं होतंस. नमुन्याचं काम म्हणून पुढे दहा गाड्या आल्या असत्या. रात्री पडल्या पडल्या मलाही तसंच वाटतं. सकाळी नाही वाटत.

७ एप्रिल
उद्या पाडवा. दुपारी दुकानाच्या फाटकात हॉर्न. बघते तर करडी फियाट, धुऊनपुसून लखलखीत. ड्रायव्हरने किल्ली माझ्या हातात दिली. निरोप: गाडी ठेवून घे, उद्या सणाचा मुहूर्त हाय, कामाला लाग, पैशांचा मागनं बघू.

काय सुंदर दिसत होती. तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. पिवळा रोल शनिवारीच मुंबईहून आलाय, सरांनी स्वतः मागवला, म्हणजे त्यांनाही हे काम हवंच आहे. टप डोळ्यांसमोर पिवळं होऊन गेलं. पहिला तुकडा कुठून लावायचा तेसुद्धा मला पाठ आहे. हात शिवशिवत होते. सर म्हणाले, "लाव आता. झाल्यावर काय ते देतीलच की."

आणि तिथेच थांबले. एकदा झाकली की ती दहा हजारांची गाडी राहणार नाही, मावशींच्या मर्जीची होईल. मावशींना हे माझ्याहून चांगलं कळतं. म्हणून तर पाठवलीय.

कोलशेतला फोन लावला. "मावशी, गाडी पोचली. दहा. हो म्हणालात की लगेच कामाला लागते. नाही म्हणालात तर तुमचा ड्रायव्हर चहा पितोय, त्याच्याबरोबर परत पाठवते."

पलीकडे बायकांचा गलका चाललेला. मग मावशी म्हणाल्या, "ठेव फोन. दहा मिन्टात सांगते."

सर माझ्याशी बोलत नाहीयेत. ड्रायव्हरने दुसरा चहा मागितला. मी फोनपाशी बसून हे लिहितेय. तरी आज मला स्वतःबद्दल फार म्हणजे फार बरं वाटतंय. रोल अजून उघडलेला नाही.