साडूभाऊंचे स्विच आणि माझे

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! हुकूम सुटला. हॉस्पिटलच्या दोन्ही इमारतींचं नेटवर्क एक करायचं. नव्या इमारतीतले चार स्विच माझ्या ताब्यात, जुन्या इमारतीतले चार साडूभाऊंच्या. आठही एकमेकांना जोडून एकच यंत्र असल्यासारखे चालवायचे — एकाच पडद्यावरून.

"स्विच म्हणजे दिव्याचं बटण ना?" संचालकांनी बैठकीची सुरुवातच अशी केली. मी म्हटलं, नाही साहेब, सगळे कॉम्प्युटर ज्याला येऊन मिळतात ते डबडं. साडूभाऊ लगेच, "डबडं तुमचं असेल. आमचे स्विच आहेत."

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकाच हॉस्पिटलात, एकाच कामाला! सासऱ्यांना वाटतं, केवढी सोय. सोय कसली? इथे मला साडूभाऊंनीच चिकटवलं, हे प्रत्येक जेवणात भाताबरोबर वाढलं जातं.

५ फेब्रुवारी

साडूभाऊ त्यांच्या स्विचचा पासवर्ड देत नाहीत. "देतो हो, पळून चाललाय का?"

७ फेब्रुवारी

अजून पळालेला नाही. अजून दिलेलाही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

साडूभाऊंकडे जेवायला. बायकोने सहज विचारलं, आठ जोडल्यावर ऐकायचं कुणाचं? मी सांगितलं — आठांत एक मुख्य असतो. बाकीचे त्याच्या हुकुमात. तो बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेतो.

"मग आपल्याकडे मुख्य कोण?" साडूभाऊंनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी मेहुणीकडे पाहिलं. ती ताक वाढत होती.

"थट्टा नको," साडूभाऊ म्हणाले. "मुख्य माझ्या इमारतीतला. वयाचा काही मान आहे की नाही?"

मी म्हटलं, स्विचला वय नसतं.

"आमच्याला आहे!"

हे मात्र खरं. त्यावरची धूळ मी पाहिली आहे.

निघताना त्यांनी चप्पल घालता घालता पासवर्ड सांगितला. त्यात मेहुणीचं माहेरचं नाव! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१२ फेब्रुवारी

त्यांचा एक स्विच सामील व्हायला तयार नाही. आतलं सॉफ्टवेअर जुनं, आणि आठांचं एकसारखं असल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मी म्हटलं, मी बदलून देतो. "माझ्या स्विचला मीच हात लावणार." लावला. सगळी दुपार चष्मा कपाळावर, नाक पडद्यावर. शेवटी झालं! मला हाक मारून दाखवलं. एवढं खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठही जोडले.

प्रत्येक स्विचला एक आकडा द्यायचा असतो, मोठा आकडा तो मुख्य. साडूभाऊंच्या पहिल्याला मी चौदा दिला. माझ्या पहिल्याला पंधरा. त्यांना एवढंच म्हटलं, "आकडे टाकलेत."

पण गंमत अशी की, एकदा गादीवर बसलेला नुसत्या आकड्याने उठत नाही. त्यांचा आधी सुरू झालेला, तोच मुख्य राहिला! साडूभाऊंनी माझी पाठ थोपटली. "बघा धाकटे, मान यंत्रालासुद्धा कळतो." मी हसलो. काय करणार!

दोन्ही इमारतींना जोडणारी तार एकच आहे. वेगळ्या वाटेने दुसरी टाकावी, म्हणजे एक तुटली तरी अडणार नाही, असं संचालकांना सांगून आलो. "आत्ता चालतंय ना? मग!"

१९ फेब्रुवारी

माळ्याने गुलाबासाठी खड्डा खणला. तार तुटली.

मग व्हायचं तेच. माझ्या चौघांना वाटलं पलीकडचे गेले, त्यांनी आपला मुख्य निवडला. पलीकडचा मुख्य जिवंतच! दोघांचा पत्ता एक, दोघंही हुकूम सोडतायत. लॅब जुन्या इमारतीत, अतिदक्षता विभाग नव्या इमारतीत. रिपोर्ट कुणाला दिसेनात.

मेट्रन खवळल्या. "तुमच्या दोघांच्या भांडणात माझ्या पेशंट बाईला रक्त चढवायचं थांबलंय!" आणि आज आम्ही भांडत नव्हतो — आजच नेमके नव्हतो!

साडूभाऊंनी लॅबमधून रिपोर्टचा कागद घेतला आणि पळत सुटले. या वयात, जिने, गुडघ्यांसकट. कागद पोचवला आणि धापा टाकत परत आले ते तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. जुन्या सामानातून कधीच बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे! "बघताय काय? ओढा!" इमारतींमधल्या पुलावरून आम्ही दोघांनी तार ओढली. मी पुढे, ते मागे, शिव्या दोघांच्या.

जोडली. दोन मुख्य समोरासमोर आल्यावर मोठ्या आकड्याचा राहतो. त्यांचे चौघे बंद होऊन पुन्हा सुरू झाले — माझ्या हुकुमात.

साडूभाऊ पडद्याकडे बघत होते. पंधरा. चौदा. मग म्हणाले, "चला, एकदाचं ठरलं." आणि हात धुवायला गेले.

बाई बऱ्या आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संचालकांनी बोलावून कौतुक केलं. "आता आठही स्विच एकाच जागेवरून चालतात?" हो साहेब! — छाती काढून सांगितलं.

"मग माणसं दोन कशाला?"

एकालाच ठेवणार. "तुम्ही पडलात नातेवाईक. मी कुणाचा वाईटपणा घेऊ? दोघांनी वेगवेगळं येऊन एकेक नाव सांगा. जमलं तर ठीक, नाही तर मी बघतो."

२३ फेब्रुवारी, रविवार

आमच्याकडे जेवण. मेहुणी म्हणाली, "आज भांडत का नाही रे? जेवण जात नाही मला!"

साडूभाऊंनी माझ्या मुलीला जवळ घेऊन कॉलेजचं विचारलं. कुठे जाणार, किती वर्षं शिकायचं. लक्ष देऊन ऐकत होते.

त्यांचं काय, निवृत्ती दोन पावलांवर. मुलगा मार्गी लागलाय. मी तटस्थपणे विचार करतोय. तटस्थपणेच!

२५ फेब्रुवारी

संचालकांकडे जाऊन माझंच नाव सांगितलं. कारणं पाठ करून गेलो होतो, त्यांनी विचारलीच नाहीत. उठून हात मिळवला. "वा! एकमत झालं म्हणायचं. तुमचे साडू कालच येऊन गेले — तेही तुमचंच नाव सांगून गेले."