आत्याची कुंची

सोमवार, संध्याकाळची गिनती झाल्यावर

नणंद आज घोटीहून जेलमध्ये भेटीला आली. मी सात महिन्यांची पोटुशी असताना कोर्टात माझ्याविरुद्ध खोटी साक्ष देणारी हीच. बाळाला कुंची आणली होती, हिरवी, जरीकाठाची. म्हणे, "वहिनी, बारसं कधी? नाव आत्यानंच ठेवायचं असतं."

"झालं बारसं," मी म्हटलं.

खरंच झालं. बराकीतल्या सुरगाण्याच्या सोनाबाईनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी सोनाबाईच्या पाठीत बुक्के घातले. आत्याचा मान तिला दिला.

नणंदेचं तोंड उतरलं. "काय ठेवलं?" तीनदा विचारलं. नाही सांगितलं. वाईट आहे का मी? असेन.

कुंची मात्र ठेवून घेतली. उद्या बराकीची फरशी पुसायची पाळी माझी आहे. जरीकाठ पाणी कितपत ओढतो, बघते.