ज्या पाठीला हात लावायचा नाही

मंगळवार, ५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. ते रिवाज म्हणून लिहिले आहेत, मनात सध्या दुसरंच आहे.

काल चार तास बसमध्ये कळ सोसत तुझ्या दवाखान्यात आले आणि हात हलवत परत गेले. आधी तासभर उलटतपासणी. कधीपासून दुखतं, उठताना की बसताना, झोप लागते का, पूर्वी काय काय आजार झाले. मग टाचांवर चाल, चवड्यांवर चाल, पालथी झोप. घोट्यामागे ती छोटी हातोडी तीन-तीनदा मारलीस. आणि एवढं करून म्हणालास काय, तर मी या पाठीला हात लावणार नाही, ही चिठ्ठी घे आणि आजच्या आज हॉस्पिटलात जा. तुझी घरमालकीण मला जिन्यात भेटली. तिची मान तू मोकळी केलीस म्हणून तुझे गोडवे गात होती. परक्यांना हात आणि अक्काला चिठ्ठी!

डॉक्टर होता येत नाही म्हणून पोरगा हाडं चोळायला निघाला, असं बाबा म्हणाले, तेव्हा त्यांच्याशी कोण भांडलं? दोन वर्षं ते माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि काल तुझे ते प्रश्न! बसायच्या जागी बधीर वाटतं का, लघवी अडकते का. अरे, तुझे लंगोट मी धुतलेत. मोठ्या बहिणीला असलं विचारताना तुला काही कसं वाटलं नाही? मी सरळ नाही म्हणाले आणि विषय मिटवला.

हॉस्पिटलात मी गेले नाही आणि जाणारही नाही. छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात दोन पुस्तकांचे छापील फर्मे शिलाईवाचून पडलेत आणि ती शिलाई माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. शनिवारी आमच्या फोरमनच्या ओळखीचा एकजण येणार आहे. एका हिसक्यात कंबर जागेवर बसवतो म्हणे. तो तरी प्रश्न विचारत नाही.

नेहमीप्रमाणे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते. राग उतरला तर लोभ आहेच, सध्या तो शोधावा लागेल.
अक्का


मंगळवार, दुपार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. त्या हिसकेवाल्याला दारातही उभा करू नकोस. भावोजींच्या घड्याळांच्या दुकानाचा फोन लागत नाही. परतीची बस दहा मिनिटांत सुटते आणि माझ्या कोचावर एक म्हातारे गृहस्थ मान आखडून पडले आहेत, त्यांना तसंच टाकून येता येत नाही. पुढच्या बसने येतो, तोवर हे पत्र.

बारा वर्षं तू माझं काम गावभर मिरवतेस आणि ते आहे काय, हे एकदाही विचारलं नाहीस. ऑस्टिओपॅथी म्हणजे कडकड आवाज काढणं नव्हे. मी हातांनी स्नायू आणि सांधे तपासतो, कुठे आखडलंय आणि त्याचं ओझं दुसरं कोण वाहतंय ते बघतो. मग दाबून, ताणून, सावकाश हलवून मोकळं करतो. कधी सांध्याला बारीकसा झटका देतो, तोही आधी सांगून, आणि माणूस नको म्हणाला तर नाहीच. एक-दोन दिवस अंग ठणकतं, मग जातं. पाठीला, मानेला, खांद्याला माझा उपयोग होतो, कधी बराच, कधी थोडाच. चार खेपांत फरक पडला नाही तर मी स्वतःच दुसरीकडे पाठवतो. सगळी दुखणी हातांनी जातात असं सांगणारा खोटारडा समजावा. तासभर प्रश्न विचारतो ते एवढ्यासाठी, की ज्या पाठीला हात लावायचा नाही ती आधी कळावी.

तुझा डावा घोटा हातोडीला उत्तर देत नव्हता. टाचेवर चालताना पाऊल खाली पडत होतं. कण्याच्या तळाशी नसा दाबल्या जाताहेत. त्या पुऱ्या दबल्या तर पायातली ताकद आणि लघवीवरचा ताबा जातो, आणि अक्का, कायमचा जातो. त्यावर मालिश नाही, हिसका तर नाहीच. लागलीच शस्त्रक्रिया, आणि त्यात एकेक तास मोलाचा.

तू नाही म्हणालीस म्हणून मी तुला बसने जाऊ दिलं. पण पत्रात तू लिहितेस की विषय मिटवला. मग ते नाही खरं होतं, की नुसतं मला गप्प करायला? खरं काय ते मला सांगू नकोस. भावोजींना सांग, पण आत्ता, या क्षणी सांग.

नमस्कार राहू दे, आधी ऊठ.
ठोंब्या


मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर तू माझ्या शेजारी बसून होतास आणि मी तुझ्याशी अवाक्षर बोललो नाही. बोललो असतो तर ओरडलो असतो, म्हणून लिहितो.

तुझं पत्र अक्काने उंबऱ्यातच वाचलं. मी पुढच्या खोलीत एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसलो होतो. ती आली आणि भिंतीकडे तोंड करून एका दमात बोलली. चार दिवस खाली बधीर होतं. तुझ्याकडे आली त्या सकाळपासून लघवी धड होत नव्हती. तशीच ती तुझ्याकडे आली, तशीच परत गेली आणि तशीच दुसऱ्या दिवशी कामावर उभी राहिली. मी एकाच घरात राहतो आणि मला पत्ता नाही. घड्याळाची टिकटिक चुकली तर मला शेजारच्या खोलीतून कळतं!

माझा मला राग आहेच, पण तूही सुटत नाहीस. तुला घोट्याची शंका आली होती ना? मग चिठ्ठी हातात देऊन तिला एकटीला बसमध्ये कशी बसवलीस? टॅक्सीत घालून स्वतः का नेलं नाहीस? ती म्हणेल ते तुला लहानपणापासून ब्रह्मवाक्य. त्यापायी सर्जनच्या टेबलावर ती दीड दिवस उशिरा पोचली.

तुझ्याबद्दलची माया आटलेली नाही, पण आज ती दाखवायची इच्छा नाही.
भावोजी


रविवार, ३ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, या खेपेस मनापासून.

घरी आले. काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जाते. डावं पाऊल हळूहळू उचलतंय. लघवी अजून माझ्या हुकमात नाही, नळी वापरावी लागते. बघ, लिहिलं. लिहिताना कोणी मेलं नाही. सर्जन म्हणतात सहा महिन्यांत सुधारेल, कदाचित नाही. सोमवारीच आला असतात तर नक्की सांगता आलं असतं, असंही म्हणाले. मी त्यांच्यावर भडकले. मग फोरमन भेटायला आला, त्याच्यावर भडकले. मग ऐकायला घरात कोणी उरलं नाही.

स्वतःवर तर इतकी चिडले आहे की आरशात बघवत नाही. दीड दिवस! लाज कशाची, तर धाकट्या भावासमोर एक शब्द बोलायची. पण खरं सांगते, तुझ्यावरचा रागही जात नाही. माझी थाप तुला पकडता यायला हवी होती.

सर्जन म्हणाले, जखम पुरी भरली की पाठ आखडेल, तेव्हा ते परवानगी देतील आणि मग जाणत्या हातांनी मोकळी करून घ्यायची. मी म्हटलं, माझा भाऊच करतो. मे महिन्यातली वेळ राखून ठेव. आता विचारशील ते सगळं खरं सांगेन.

चिडका का होईना, लोभ ठेव.
अक्का


गुरुवार, ७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मेच्या पहिल्या आठवड्यातली वेळ राखली आहे, पण माझ्या कोचावर नाही. शेजारच्या खोलीत माझी सहकारी बसते. चिवट बाई आहे, एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारते आणि उत्तर पटलं नाही तर चौथ्यांदा विचारते. तिच्यावर हवी तेवढी भडक. ती ऐकून घेईल आणि पुन्हा विचारेल.

भांडायला येऊ नकोस, हे ठरलं आहे. आता सगळं खरं सांगेन असं तू लिहिलंस आणि वाचता वाचताच मला ते पटलं, क्षणभरही शंका आली नाही. त्याचाच मला संताप येतो. त्या सोमवारी तुझा घोटा एक सांगत होता आणि तू दुसरं. मी तुझं मानलं. तुझ्या जागी कोणीही परकी बाई असती, तर मी घोट्याचं मानलं असतं, आणि आज ती स्वतःच्या पायांनी कामावर गेली असती.

तुझ्या रागाला पात्र असलेला,
ठोंब्या