माझा स्वतंत्र कार्यभार आणि कोपऱ्यातल्या बाई

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून समाजसेवा. निवृत्त झाल्यापासून घरात माझ्या अनुभवाचं चीज होत नव्हतं. फ्रिजमध्ये काय कुठे ठेवावं याची मी एक सिस्टिम बसवून दिली, तर बायको म्हणाली, अहो, तुम्ही जरा बाहेर काहीतरी बघा ना.
बघितलं. आमच्या मागच्या रस्त्याला जुनी दफनभूमी आहे. आता तिथे कुणाला पुरत नाहीत. झाडं, पाखरं आणि फिरायला येणारी माणसं. काही स्वयंसेवक दर रविवारी तिची देखभाल करतात. प्रमुख एक रिटायर्ड नर्स. बाई बऱ्या आहेत, पण लीडरशिप नाही. कुणावर ओरडत नाहीत.
मिटिंगमध्ये नर्सबाई गवत या विषयावर बराच वेळ बोलल्या. कधी कापायचं, कधी नाही, बी पडणं वगैरे. तेवढ्या वेळात मी माझ्या भाषणाचे मुद्दे काढले. भाषणाची वेळ आली नाही. चहा आला.
संकल्प: वर्षाच्या आत प्रमुखपद.

११ ऑगस्ट, रविवार
दगड धुण्याचं काम. ते खातं दातांच्या डॉक्टरांकडे आहे. हा गृहस्थ मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन अख्खी सकाळ एकच थडगं घासतो. दुखलं तर सांगा, एवढंच म्हणायचं बाकी ठेवतो.
मी घरून बाथरूमचं ॲसिड नेलं होतं. एका जज्जसाहेबांचा दगड बघता बघता पांढराशुभ्र. थोडी अक्षरंही गेली, पण सगळी नाही. नाव आहे. जन्मसाल गेलं. मेलेल्या माणसाचं वय कोण विचारतंय?
डॉक्टर मटकन खालीच बसले. वय झालंय त्यांचं.

१२ ऑगस्ट, सकाळी
नर्सबाईंचा फोन. दगडांना यापुढे हात लावायचा नाही. मला भिंतीलगतचा टोकाचा कोपरा दिलाय. तिथली काटेरी वेल उपटायची, बस्स. तिथे बिघडण्यासारखं काही नाही, असं म्हणाल्या.
म्हणजे स्वतंत्र कार्यभार! इतक्या लवकर!
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ऑफिसातही शेवटी तुम्हाला असंच स्टोअररूमशेजारी नेऊन बसवलं होतं. हिला ऑफिसचं राजकारण कधी कळलंच नाही.

१८ ऑगस्ट
कोपऱ्याची पाहणी. एक बाक, एक थडगं, बाकी नुसतं रान. दगडावर नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, हुद्द्यासकट. खाली 'यांची पत्नी, वय सत्तावीस'. बाईंचं नाव कुठेच नाही. नवराही माझ्यासारखा विम्यात असावा. आमच्या ऑफिसात असेच अर्ज भरून यायचे.
काम सुरू करण्याआधी आढावा घ्यायला बाकावर बसलो. कंबर धरली. वेल पुढच्या खेपेला.

२१ ऑगस्ट, बुधवार
रविवारची वाट न बघता गेलो. निष्ठा म्हणतात ती हीच. आढावा चालू.
बसल्या बसल्या थडग्यातल्या बाईंना माझ्या हुकलेल्या प्रमोशनची हकीकत सांगितली. अगदी पहिल्यापासून. घरी मी दुसऱ्या वाक्यावर येतो तोवर मिक्सर सुरू होतो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकदाही म्हणाल्या नाहीत, की हे मागे सांगितलंत.

२३ ऑगस्ट
गेलो. वेल जागच्या जागी. बाईंना फ्रिजची सिस्टिम समजावून सांगितली. त्यांना पटली असं वाटलं.

२५ ऑगस्ट, रविवार
वाईट बातमी. पालिकेला पार्किंग करायचंय. भिंत पाडून माझा कोपरा आणि त्यालगतची पट्टी घेणार. म्हणजे बाईंच्या छातीवर मोटारी उभ्या राहणार. जिवंतपणी नाव मिळालं नाही, मेल्यावर तेवढी जागा मिळाली, तीही जाणार. मला खरंच वाईट वाटलं. चहा घेतला नाही.
नर्सबाई म्हणाल्या, एकच आशा आहे. पूर्वी या जागेत एक दुर्मीळ ऑर्किड दिसलं होतं. १५ सप्टेंबरला वनस्पतींच्या एक तज्ज्ञ बाई तपासणीला येणार. ते फुललेलं सापडलं, तर जागेला कायदा हात लावू देत नाही. सगळे मान खाली घालून ऑर्किड शोधतायत.
मला हसू आलं. बाहेरून साहेब येतो तेव्हा तो फूल बघत नाही, टापटीप बघतो. आयुष्य इन्स्पेक्शनं काढण्यात गेलंय माझं. इथे तर गुडघाभर गवत.
एक प्लॅन सुचलाय. कुणाला सांगणार नाही. आधी सांगितलं की लोक फाटे फोडतात.

१ सप्टेंबर, रविवार
मेव्हण्याकडे गवत कापायचं पेट्रोलचं मशीन आहे. मागायला गेलो. तो म्हणाला, भावजी, मागच्या वेळी शिडी नेलीत, ती परत आली तेव्हा स्टूल झाली होती. क्षुद्र माणूस. पण त्याच्या ताईचा, म्हणजे आमच्या हिचा, फोन गेल्यावर दिलं.
वेल उपटायला वेळ मिळाला नाही. प्लॅनिंगमध्ये सकाळ गेली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
कार्य सिद्धीस गेलं!
रविवारखेरीज आमच्यापैकी तिथे कुणी नसतं. फाटकापासून सुरुवात केली. मशीन असं चाललं की विचारू नका. सगळी दफनभूमी कशी नुकतीच न्हाव्याकडून उठल्यासारखी दिसते आहे. एकेक दगड लांबून वाचता येतो. जज्जसाहेबांचा सोडून.
माझा कोपरा मुद्दाम शेवटी ठेवला. आधी लोकांचं, मग आपलं. तिथे पोचलो आणि पेट्रोल संपलं. माझंही. बाईंना सगळा प्लॅन सांगत बाकावर टेकलो, तो डोळा लागला. उठलो तर ऊन उतरलेलं. कोपरा तसाच राहिला. राहू दे. दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट असतेच की.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी
टाय लावला आहे. बायको म्हणाली, कुणी गेलं का? गाठ आणखी घट्ट केली. नर्सबाईंचा चेहरा बघायला उत्सुक.

१५ सप्टेंबर, दुपारी
चेहरा बघितला.
फाटकात येऊन थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर परत मटकन खाली बसले. मग त्यांनीच मला सांगितलं, अगदी हळू, सुई टोचण्याआधी सांगतात तसं. ते फूल उंच गवताच्या आडोशालाच येतं. म्हणून फुलं होऊन बी पडेपर्यंत इथे कुणी गवत कापत नाही. इथला पहिला नियमच तो. पहिल्याच मिटिंगमध्ये सांगितला होता.
मी म्हणालो, मिटिंगचा वृत्तांत लेखी मिळायला हवा होता.
तज्ज्ञ बाई खुंटांतून फिरत होत्या. नर्सबाई मागोमाग. मला कोपऱ्यातल्या बाई दिसत होत्या, आणि त्यांच्यावर उभी असलेली एक पांढरी मोटार. मी गाढव आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. (हे वाक्य नंतर खोडणे.)
तेवढ्यात तज्ज्ञ बाईंनी विचारलं, तिकडे ते कसलं रान माजलंय? नर्सबाई मेल्या आवाजात म्हणाल्या, तो आमच्या या साहेबांचा कोपरा, तिथे अजून काहीच काम झालेलं नाही.
तज्ज्ञ बाई तिकडे गेल्या आणि सरळ पालथ्या झोपल्या. बराच वेळ हलेनात. मला वाटलं, आता हे एक नवीनच. मग ओरडल्या. आनंदानं!
बाईंच्या दगडामागे गवतात, अगदी बाकाच्या पायापर्यंत, बोटभर उंचीचे हिरवट तुरे. याला फूल म्हणायचं जिवावर येतं. मी तर इतके दिवस त्यावर डब्याचं झाकण ठेवत होतो.
नर्सबाई रडल्या. मला वाटलं आता माझा हात हातात घेतील. डॉक्टरांचा घेतला.
पार्किंग बहुतेक रद्द.

१६ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. माझ्या आत कुठेतरी ते ऑर्किड मला जाणवलं असणार. तो कोपरा मी न कापणं हा योगायोग असू शकत नाही. पेट्रोल हे निमित्त.
बायकोला हे समजावून सांगितलं. ती हसत हसत खुर्चीवर बसली, मग खुर्चीवरून उठली आणि बहिणीला फोन लावला.

२२ सप्टेंबर, रविवार
पार्किंग रद्द झाल्याचं पालिकेनं कळवलं. मिटिंग. भाषण खिशात होतं.
नर्सबाईंनी ठराव मांडला. टाळ्या. कोपरा माझ्याकडेच कायम. मी उठून उभा राहिलो. मग त्यांनी काम सांगितलं. कोपऱ्याला दोरी बांधायची, आत कुणी पाय ठेवायचा नाही. बाक दोरीबाहेर काढलाय. साहेबांनी त्यावर बसायचं आणि काहीही करायचं नाही. वेल नाही, दगड नाही, मशीन नाही. डॉक्टर म्हणाले, आजवर केलंत तसंच. अनुमोदन सगळ्यांचं. मशीन न्यायला मेव्हणा आला होता, तो सभासद नसूनही त्यानं हात वर केला.
भाषणाची वेळ आली नाही. चहा आला.
नंतर बाकावर जाऊन बसलो. बाईंना निकाल सांगितला. वाचलात, म्हणालो. प्रमुखपद राहिलं, तेही सांगितलं. तेवढ्यात बायको थर्मास घेऊन आली. पहिल्यांदाच आली. सरका, म्हणाली. बराच वेळ त्या तुऱ्यांकडे बघत बसली. छान आहे हो, म्हणाली. मग विचारलं, तुम्ही रोज इथे येऊन कुणाशी बोलता?
दगड दाखवला. तिनं वाचला. नवऱ्याचं नाव, हुद्दा, वय सत्तावीस.
म्हणाली, बिचारी. मेल्यावरही सुटका नाही.
मग माझ्या कपात चहा ओतला, आणि म्हणाली, बोला, काय सांगत होतात तिला?
नेमकं तेव्हा काही सुचेना.