दोन सीटच्या गाडीची आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, निवृत्त पशुवैद्य, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पाडण्याने नव्हे तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने जेवायच्या टेबलावर मला म्हातारचळ लागल्याचे जाहीर केले होते. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मोठ्या गाडीचा उल्लेख होता आणि ती गाडी आता माझी नाही.

कलम १. राहते घर मुलाला मिळावे. मात्र बागेकडची खोली, तिला लागून असलेली न्हाणी आणि स्वयंपाकघराचा वापर माझ्या नणंदेकडे त्या हयात असेपर्यंत राहील. मी त्यांना वन्सं म्हणते, म्हणून पुढे तसेच लिहिते. ही मेहेरबानी समजू नये. यजमानांच्या शेवटच्या आजारात मी गोठे पालथे घालत होते, तेव्हा त्यांच्या उशाशी वन्सं बसल्या, मांडीवर छापखान्याची मुद्रिते घेऊन चुका काढत. तो त्यांचा पेशा होता. हे मृत्युपत्र मी त्यांना दाखवलेले नाही. दाखवले असते तर स्वतःबद्दलचा सगळा मजकूर त्यांनी लाल शाईने उडवला असता.

कलम २. वासरू ओढायचे दोर, साखळ्या, खूर कापायच्या कात्र्या आणि रबरी बूट माझा दवाखाना पुढे चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना द्यावेत. माझा हात कोपरापर्यंत त्याच्या गाईच्या पोटात असताना “डॉक्टर कधी येणार?” असे मला विचारणाऱ्या गोठेवाल्याला मी काहीही ठेवत नाही.

कलम ३. गाडी. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

माझ्याकडे सात सीटची एसयूव्ही होती. मागच्या सीट पाडून तीत मी आजारी वासरे आणली, यजमानांना दवाखान्यात नेले आणि शेवटी वन्संची चाकांची खुर्ची घातली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना चालवत नव्हते. माझा दवाखाना सोडल्यावर मी त्या एवढ्या मोठ्या गाडीतून कोथिंबिरीची जुडी आणायला जात असे.

एकदा गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परतताना वन्संनी गाडी थांबवायला लावली. जुन्या गाड्यांच्या दुकानात काचेमागे एक गडद निळी स्पोर्ट्स कार उभी होती. दोन सीट, उघडणारा टप.

“बघतच राहिलात की, वहिनी,” त्या म्हणाल्या.

“मी कुठे? तुम्हीच थांबवलंत.”

“मागच्या आठवड्यातही इथे तुमचा वेग कमी झाला होता. तुम्ही जन्मभर गाडी चालवलीत, पण चालवायची म्हणून कधी चालवली नाहीत. नेहमी कुणाची तरी गाय अडलेली असायची.”

त्या दिवसापासून मला निळ्या गाडीचा ध्यास लागला. दुकानदार मोठी गाडी बदल्यात घ्यायला तयार होता. घरात मात्र रण माजले. मुलगा म्हणाला, “आई, हा म्हातारचळ आहे. ती गाडी जमिनीला टेकलेली आहे. आत्या तीत बसणार कशी?” सून एवढेच म्हणाली, “मला शिकवाल का?”

मुलाचा प्रश्न रास्त होता. दुकानात वन्संनी बसून पाहिले. त्या निम्म्या वाकल्या आणि तिथेच अडकल्या. मी आणि दुकानदाराने बगलेत हात घालून त्यांना वर काढले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी जागच्या जागी ठरवले, व्यवहार नाही. मोठी गाडी गेली तर त्यांचे बाहेर पडणेच बंद होणार, आणि माझ्या हौसेपायी त्यांनी खिडकीत बसून राहावे हे मला मान्य नव्हते.

“इतक्यात मोडू नका,” त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. “थोडी कळ काढा.”

मला वाटले, बोलायचे म्हणून बोलल्या. विषय मी मनातून काढून टाकला.

पुढे त्यांच्या खोलीतून सकाळी कण्हण्याचा आवाज येऊ लागला. व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट त्याच वेळी येत, म्हणून मी दुर्लक्ष केले. एके दिवशी राहवले नाही म्हणून दार ढकलले. वन्सं शब्दकोशाच्या जाड खंडांच्या चळतीवर बसल्या होत्या, फिजिओथेरपिस्टांचे हात धरून उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. कपाळावरून घाम निथळत होता.

“हे काय चाललंय?”

“सुरुवात सगळ्या खंडांपासून केली,” वन्सं धापा टाकत म्हणाल्या. “जमलं की एक काढायचा. आता तीनच उरलेत. गाडीची सीट दोन खंडांएवढी उंच आहे, सूनबाईकडून मापून आणलंय.”

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, “रोज सांगतो, आज पुरे. ऐकतील तर शपथ.”

मी जन्मभर खाली बसलेली जनावरे उठवली. उठायचे की नाही हे शेवटी जनावरच ठरवते, आपण फक्त टेकू देतो. पण दुसऱ्याची हौस पुरी व्हावी म्हणून एवढे दुखणे सोसून उठणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

काही आठवड्यांनी त्यांनीच मला दुकानात नेले. काठी माझ्याकडे दिली, पाठमोऱ्या झाल्या, सावकाश खाली बसल्या, एकेक पाय आत घेतला आणि पट्टा लावला. दुकानदाराने टाळी वाजवली. मी म्हटले, “आता उतरून दाखवा.”

“उतरायची काय घाई आहे?” त्या म्हणाल्या. “कागद करून टाका.”

मोठी गाडी नाकाला रुमाल लावून ताब्यात घेण्यात आली. गाईंचा वास वीस वर्षांत काचेतसुद्धा मुरला होता. चाकांची खुर्ची आम्ही इस्पितळाला देऊन टाकली. वन्सं आता काठीने चालतात.

ही निळी गाडी माझ्या पश्चात सुनेची होईल. ती शिकली, आणि माझ्याहून चांगली शिकली. वन्संना बसता येते आहे तोवर मुलाने ती विकण्याचा विषय काढू नये. तो वाईट नाही. त्याला भीती वाटते, आणि तो भीतीला व्यवहार म्हणतो.

कलम ४. बँकेतील ठेवींचा निम्मा भाग वन्संना, उरलेला मुलाला व सुनेला समान मिळावा. अंमलबजावणी माझ्या वकीलबाई करतील.

कलम ५. मला निरोप देताना भाषणे नकोत. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुनेने वन्संना घेऊन धरणाच्या रस्त्याने जावे. टप उघडा ठेवावा. घाटाच्या वळणांवर वन्सं डोळे मिटत नाहीत, उलट हळूच “अजून थोडं जोरात” म्हणतात. मी दर वेळी वेग कमीच ठेवला. सुनेने रस्ता मोकळा पाहून एकदा त्यांचे ऐकावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

सही : (निवृत्त पशुवैद्य)

साक्षीदार :
१. वन्संचे फिजिओथेरपिस्ट
२. शेजारच्या दातांच्या डॉक्टर

स्थळ : राहत्या घरी, जेवायचे टेबल
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४